दोन भाकऱ्या

"आईला दोन भाकऱ्यांच्या खाली वाढू नका," असं सासरे शेवटच्या आजारात दोन्ही मुलांना सांगून गेले होते.

संकष्टीचा प्रसाद घेऊन मी लेकीबरोबर उलव्याला धाकट्या दिरांकडे गेले. सासूबाई सध्या त्यांच्याकडे असतात. जेवायला बसल्या तर हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"दोनच्या दोन वाढते हो ताई," जाऊ रंजिता म्हणाली. ताटात दोन होत्याच, पण आमच्या भाकरीच्या निम्म्या रुंदीच्या.

"म्हणजे आपली एक झाली," मी समजून घेत म्हटलं.

"नाही गं आई," नववीतली क्षिप्रा पुटपुटली. "रुंदी निम्मी झाली की भाकरी चौथाईच उरते. दोन मिळून आपली अर्धी."

"भारीच हुशार हो तुमची लेक!" रंजिता म्हणाली.

कुंदन भाऊजींनी मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "बाबा दोन म्हणाले होते. केवढ्या, ते कुठं म्हणाले?"

सासूबाईंनी माझा हात धरला. "त्याला काही बोलू नको गं. माझी शपथ आहे."

"नाही बोलत," मी म्हटलं, आणि त्यांच्या साड्या पिशवीत भरायला घेतल्या.