जर्मनीचा आकडा

पोह्यांची बशी टेबलावर टेकायच्या आत, मुलगी बघायला आलेल्या सम्मेदच्या आईने मोबाइल पद्मजाच्या पोटावर रोखला. पडद्यावर साडीच्या आतलं पोट उघडं पडलं, यकृताभोवतीची पिवळी चरबी दिसली आणि लाल दिवा लागला. सांगलीत हल्ली मुलगी अशीच बघतात.

"उंचीच्या मानाने वजनाचा आकडा चोवीस! तेविसाच्या वर गेली की हो मुलगी."

पद्मजाचे वडील मान खाली घालून बसले. पद्मजाने तोच मोबाइल सम्मेदच्या आईच्या हातातून घेतला आणि सम्मेदवर रोखला. पोराचे हातपाय काटक्यांसारखे, पण आतलं यकृत पिवळ्या चरबीत पार बुडालेलं. आकडा साडेचोवीस आणि दिवा मात्र हिरवा.

"काकू, ह्यांचा हिरवा कसा?"

"तो तीन वर्षं जर्मनीत होता ना. त्याला तिकडची पंचविसाची मर्यादा लावलीय."

"मर्यादा पत्त्यावरून ठरत नाही, काकू. आपल्या लोकांची चरबी पोटात साचते, अंगाने बारीक असलो तरी साखर लवकर वाढते. म्हणून आपल्याला तेवीस. जर्मनीला जाऊन यकृत बदलत नाही."

तिने मर्यादा तेविसावर आणली. दिवा लाल झाला आणि मोबाइल बोलला, "ताबडतोब डॉक्टरांना दाखवा."

सम्मेदचा चेहरा उतरला. "आई, दाखवूया का?"

"गप रे. पुरुषाच्या जातीला एवढं काय बघायचं?" आईने मोबाइल काढून घेऊन बंद केला आणि बेसनाचा तिसरा लाडू त्याच्या हातात ठेवला.

सम्मेदने तो मुकाट्याने खाल्ला.