तीन दिवसांचा डाग

"ज्याले सोतानं रिव्हॉल्वर सांभायता उनं नही, त्यानं नाव चौकले?"

नगराध्यक्ष लीलाधर नाना खुर्चीवरून न उठताच बोलले. नगरपालिकेची सभा हसली. मागच्या बाकावरून अभिमन गुरुजी मात्र उठले.

"नाना, ठराव महिनाभर थांबवा. हा डाग खोटा ठरवला नाही, तर मीच सांगेन, माझ्या बापाचं नाव चौकाला नको."

सगळ्या धरणगावाला ती गोष्ट माहीत होती. गुरुजींचे वडील, फौजदार पितांबरराव, यांचं रिव्हॉल्वर १९४६च्या मे महिन्यात तीन दिवस हरवलं होतं. मग ते कपाशीच्या शेतात सापडलं. वडिलांना 'निष्काळजीपणा'चा शेरा मिळाला. निवृत्त होताना तेच रिव्हॉल्वर त्यांनी रीतसर विकत घेतलं. दर दसऱ्याला घरात त्याची पूजा होई. त्या तीन दिवसांविषयी ते मरेपर्यंत अवाक्षर बोलले नाहीत.

गुरुजींनी त्या रिव्हॉल्वरच्या मुठीखालचा नंबर चिठ्ठीवर उतरवला आणि धुळ्याची एसटी पकडली. वर्ष होतं १९८८.

तिथल्या पोलीस कचेरीत जुनं रेकॉर्ड सांभाळणारा देवचंद पंचेचाळिशी ओलांडलेला होता. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली.

"काय शोधायचं, गुरुजी?"

"रिव्हॉल्वर हरवलंच नव्हतं, हे."

"इथं लोक हरवलेलं शोधायला येतात," देवचंद म्हणाला. "बसा. चहा सांगतो."

गुरुजी दर सोमवारी जाऊ लागले. तिसऱ्या सोमवारी त्यांनी वडिलांच्या ट्रंकेत सापडलेली रोजनिशी टेबलावर ठेवली.

"वाच. अकरा मे, दौरा, रिव्हॉल्वर कमरेला. बारा मे, नदीकाठी बंदोबस्त, रिव्हॉल्वर कमरेला."

"घरची वही आहे, गुरुजी. सरकार म्हणेल, घरी कोणी काहीही लिहील."

पुढच्या सोमवारी देवचंदनेच शस्त्रागाराचं जुनं रजिस्टर काढून ठेवलं होतं. तेरा मे. त्याच नंबराचं रिव्हॉल्वर साफ करायला तेल आणि फडकं दिलं. घेणाऱ्याची सही पितांबररावांची.

गुरुजींनी टेबलावर थाप मारली. "हरवलेल्या रिव्हॉल्वरला तेल लावतात होय रे? आणि हरवल्याचा शेरा कधीचा?"

"चौदा तारखेचा. वरच्या साहेबांचा."

"खार होता माझ्या बापावर! दुसरं काय?"

देवचंदने कोरा कागद पुढे सरकवला. "मग लेखी द्या. तिन्ही दिवस रिव्हॉल्वर वडिलांच्याच कमरेला होतं, दुसऱ्या कोणाच्या हातात गेलं नाही. नंबर लिहा. रोजनिशी जोडा."

"साहेब लोक दडपतील."

"दडपू देत नाही. माझी जबाबदारी."

"तर मग एक काय, दहा प्रती घे. एक नानाच्या दारावर चिकटवतो."

गुरुजींनी ठसठशीत सही केली. देवचंदने आवक शिक्का मारला, नोंदवहीत क्रमांक घातला आणि पोच फाडून त्यांच्या हातात दिली. मग स्वतःच्या खणातून एक पिवळी पडलेली फाईल काढून त्यांच्यासमोर उघडली.

"आता हे वाचा, गुरुजी. मोठ्याने."

गुरुजींनी चष्मा सारखा केला.

"बारा मे एकोणीसशे सेहेचाळीस. नदीच्या पाणवठ्यावर पाणी भरताना गोळी लागून वना महारू ठार. गोळी फौजदारांच्या गहाळ रिव्हॉल्वरची. झाडणारा अज्ञात. मयताचा वारस: मुलगा देवचंद, वय वर्षे चार."