अर्धी दाढी

"काका, गाल फुगवा."

सुताराचा उजवा गाल साफ झाला होता. डावा अर्धा फुगला आणि तिथेच अडला. न्हाव्याने वस्तरा बाजूला ठेवला, अंगठ्याने ओठाचा कोपरा ओढला आणि दिवा जवळ घेतला. आत, दाढांपाशी, नखाएवढा पांढरा चट्टा होता.

"हे कधीपासून?"

"असेल महिनाभर. दुखत नाही. तू तुझं काम कर."

"तोंड किती उघडतं ते कळेल. तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाला बघू."

दोनच गेली.

"माझी बोटं जाड आहेत," सुतार म्हणाला. "रंधा मारून मारून."

"तंबाखू याच गालात धरता ना?"

"दाढी करायला आलोय, प्रवचन ऐकायला नाही."

न्हाव्याने त्याच्या गालावरचा फेस पुसला आणि टॉवेलाची घडी घातली. "समोरच्या दातांच्या बाईंना दाखवून या. मग डावी बाजू करतो."

"आणि मी असा रस्त्याने जाऊ?"

"असाच चट्टा मी एकदा पाहिला होता, काका. गिऱ्हाईक तुटेल म्हणून गप्प बसलो. माणूसच गेला."

सुतार खुर्चीतून उठला. मग "न्हावी काय तू एकटाच नाहीस," म्हणत तणतणत निघून गेला.

महिनाभर त्याचा पत्ता नव्हता. न्हाव्याने स्वतःला दोष दिला, मग समजूत घातली, मग दोन्ही सोडून दिलं. आणि एका सकाळी, बाकावर दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना, सुतार दारात उभा राहिला. उजवा गाल तुळतुळीत, डाव्यावर जंगल. शेजारी बायको.

"त्या दिवशी हे दुसऱ्या न्हाव्याकडे निघाले होते," तिने सांगून टाकलं. "मी उंबऱ्यातच अडवलं. म्हटलं, तुम्ही अर्धवट आहात हे मला एकटीला ठाऊक होतं, आज गल्लीला कळलं. मग काय झालं ते कळल्यावर हाताला धरून दवाखान्यात नेलं."

"बाईंनी तुकडा तपासायला पाठवला," सुतार म्हणाला. "कॅन्सर नव्हता. पण त्याच वाटेवर होता. मोठ्या दवाखान्यात चट्टा काढून टाकला. गाल आखडलाय, त्याला व्यायाम दिलाय. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. तंबाखू बंद. पंचवीस दिवस झाले."

"सव्वीस," बायको म्हणाली.

"आणि ही बाजू राखली का?" न्हाव्याने विचारलं.

"उजवी घरीच करत होतो. ही तू करीन म्हणाला होतास ना? मग दुसऱ्याला का हात लावू देऊ?"

न्हाव्याने नवं ब्लेड घातलं. एवढ्या हळुवारपणे त्याने कुणाची दाढी केली नसेल. सुतार आरशात दोन्ही गालांकडे बघत राहिला, मग त्याची नजर न्हाव्यावर गेली.

"तुझ्या तोंडात कोण बघतं रे?"

न्हाव्याचा हात खिशावर गेला. तिथलं सिगारेटचं पाकीट सगळ्यांना दिसत होतं.

सुतार उठला, त्याने न्हाव्याला खांद्याला धरून त्याच्याच खुर्चीत बसवलं आणि दिवा वळवला. "आ कर." फळी सरळ आहे का बघावं तसा एक डोळा मिटून त्याने बराच वेळ आत पाहिलं.

"चौकट तर भक्कम दिसते. पण मी पडलो सुतार. चल, बाईंना दाखवू."

"दुकान उघडं टाकून?"

"आम्हीही येतो," बाकावरचा एकजण म्हणाला. दुसऱ्याने तोंडातलं काहीतरी बाहेर जाऊन थुंकलं, चूळ भरली आणि रांगेत येऊन उभा राहिला.

दातांच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं. पुढे सुताराची बायको, मागे ताजी दाढी केलेला सुतार, त्याच्यामागे मान खाली घातलेला न्हावी आणि दोन अनोळखी माणसं ओळीने रस्ता ओलांडत होती. बाईंनी हातमोजे चढवले आणि मदतनीस मुलीला म्हणाल्या, "खुर्च्या कमी पडणार गं. आतलं बाकडं बाहेर घे."