मंग कसं करू?

“इससे अच्छा तो भैंस कूदती है!” वीरेंद्र सर ओरडले. मैदानावरच्या सगळ्या मुलींना ऐकू गेलं.

श्रुतिका वाळूच्या खड्ड्यातून उठली. पाय पुन्हा उडी घ्यायच्या लाकडी पाटीच्या पुढे पडला होता, लांब उडी पुन्हा फाऊल. अंगावरची वाळू न झटकताच ती भिंतीकडे निघाली. तिला घरी न्यायला आलेली नूतनमावशी तिथं स्कूटीवर बसली होती.

“चाल घरी,” बुटांचे बंद सोडत श्रुतिका रडतच म्हणाली. “मी नाई येत उद्यापासून. जबलपूरच्या स्पर्धेले दुसरं कोणी जाईन.”

मावशी स्कूटीवरून उतरली. “थांब. मी बोलून येते त्यायच्याशी.”

“नको ना!” श्रुतिकानं तिचा हात धरला. “तू बोलली त उद्या अजून बोलतीन.”

मावशी थांबली. “बरं. मले सांग, तुही उडी चुकते कुठं?”

“मले काय माहीत?”

“सरानं सांगतलं नाई?”

“सांगतलं ना. भैंस, म्हणे.”

मावशीला हसू आवरेना. रडता रडता श्रुतिकालाही हसू फुटलं.

“ऐक,” मावशीनं ओढणीनं तिचं तोंड पुसलं. “भैंस म्हटल्यानं पाय कुठं टाकायचा ते समजत नाई. म्हणून ते तसं बोलले का आपण विचारायचं, ‘सर, मंग कसं करू?’ भांडायचं नाई. उत्तर भेटल्याबिगर हलायचं नाई.”

“चिडतीन ना ते!”

“चिडू दे. मी हाओ इथंच. अन् तरी भैंसच म्हणाले, त मंग मी बोलीन. तवा मले अडवू नको.”

श्रुतिकानं बंद पुन्हा बांधले.

पुढचीही उडी फाऊल झाली. “तेरे बस का नहीं है!” सर गरजले.

“हौ सर. मंग कसं करू?”

“कैसे करूँ मतलब? ढंग से कर!”

“ढंगानं म्हणजे कसं, सर?” तिचा आवाज कापत होता, पण ती जागची हलली नाही.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. मग ते पाटीजवळ येऊन उकिडवे बसले आणि चिडल्यावर बोलायची हिंदी सोडून घरच्या बोलीत म्हणाले, “तू पळतानी पाटीकडे पाहून राह्यली. त्यानं पाऊल लांबते. समोर पाह्य, त्या पाण्याच्या टाकीकडे. अन् पळणं दोन पावलं मागून सुरू कर.”

श्रुतिका मागे गेली. टाकीकडे बघत सुसाट पळत आली. पाय बरोब्बर पाटीवर पडला आणि ती उडाली, आधीच्या सगळ्या खुणांच्या पुढे! पण टेकताना तोल गेला आणि ती मागे वाळूत बसली.

“अरे, फिर से...” सरांनी तोंड उघडलं.

“सर, पडतानी कसं करू?” वाळूतूनच तिनं विचारलं. आता आवाज कापत नव्हता.

भिंतीपाशी मावशी उगाच स्कूटीचा आरसा पुसत राहिली.

वाळूत टेकायचं कसं, हे काही तोंडानं सांगण्यासारखं नव्हतं. सरांनी मोबाईल रांगेतल्या दीपिकाच्या हातात दिला, ट्रॅकपँट वर सरकवली आणि स्वतः पळत सुटले. सुटलेलं पोट सांभाळत त्यांनी उडी मारली, पाय पुढे फेकले आणि धप्पकन खड्ड्यात आदळले. टोपी एकीकडे, ते एकीकडे.

मुलींनी ओठ घट्ट मिटून घेतले. कोणी आकाशाकडे बघत होतं, कोणी दुसरीच्या पाठीमागे लपलं होतं.

सर वाळूत बसूनच होते. त्यांनी कानातली वाळू काढली, सगळ्यांकडे एकवार पाहिलं.

“हसायचं असंन त हसून घ्या आधी,” ते म्हणाले. “मंग एकेक जण उडी माराले या.”