डाव्या पायाचा ब्रेक

अमीन यांनी दुसऱ्याच किकला जुनी बीएसए मोटरसायकल सुरू केली आणि आखातातल्या अल खौदच्या दुकानांमागच्या मोकळ्या मैदानात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारी माणसं तीनच. मुलगा जुनैद, सून निदा आणि जुनैदच्या कंपनीतला प्रेमानंद. पण म्हाताऱ्याला उरूस भरल्यासारखं वाटलं.

तरुणपणी ते हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होते, तेव्हा मालकाची अशीच बीएसए त्यांच्या हाताखाली असायची. त्या गाडीच्या गोष्टी ऐकतच जुनैद लहानाचा मोठा झाला. म्हणून भंगारवाल्याच्या वाड्यात कुण्या इंग्रजाने मागे टाकलेला हा गंजका सांगाडा दिसला, तेव्हा त्याचा पाय तिथून निघेना. रुसैलमधल्या एका वर्कशॉपचा कोपरा मागून घेऊन त्याने सुट्टीचे सगळे दिवस त्यात घातले. घरातला नळ वर्षभर गळतोय आणि साहेब गाडीची गळती काढतायत, असं निदा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. जुनैद हसून म्हणायचा, अब्बांसाठी करतोय. आणि ते खोटं नव्हतं.

फक्त एक गोष्ट त्याने स्वतःसाठी केली होती. या जुन्या इंग्रजी गाड्यांचा गिअर उजव्या पायाखाली असतो आणि ब्रेक डाव्या. अमीन यांचे पाय जन्मभर त्याच वळणाचे. गावातली त्यांची जुनी बुलेटही तशीच. जुनैदच्या पायांना मात्र जपानी गाड्यांची सवय. अब्बा महिनाभर राहणार, नंतर आपणच तर चालवणार, असा विचार करून त्याने एक रॉड वेल्ड करून घेतला आणि गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे आणला. अब्बा आल्यावर हे सांगायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं नव्हतं. त्यांचा चेहरा पडेल म्हणून तो टाळत होता.

आतासुद्धा सांगता आलं असतं. पहिला गिअर जरा घट्ट आहे असं म्हणत तो वाकला आणि हातानेच लिव्हर उचलून त्याने गिअर टाकला.

“अब्बा, एक सांगायचं होतं...”

“यल्ला चाचा, निघा!” मोबाइल उंच धरून प्रेमानंद ओरडला. “व्हिडिओ चालू झाला!”

अमीन यांनी क्लच सोडला. मैदानाला वळसा घालताना त्यांची पाठ ताठ झाली, पांढरी दाढी वाऱ्यावर उडायला लागली. निदाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते परत वळले, मुलासमोर ऐटीत गाडी थांबवावी म्हणून सरळ त्याच्याच दिशेने आले आणि त्यांनी डावा पाय दाबला. थांबायच्या ऐवजी गाडीने गिअर बदलला. त्यांनी आणखी जोरात दाबला. जुनैदने त्यांचा पाय पाहिला, सगळं त्याच्या लक्षात आलं, आणि तोवर गाडी मैदानाच्या कठड्यावर आदळून आडवी झाली होती.

मनगट मोडलं, एवढ्यावर निभावलं. “चाचा, आता उमर झाली तुमची,” त्यांना आधार देत प्रेमानंद मायेनेच म्हणाला. अमीन यांनी एकदा आडव्या पडलेल्या गाडीकडे पाहिलं, एकदा जुनैदकडे. “हां,” ते हसून म्हणाले, “पाय इसरले आता.” जुनैदला सुटल्यासारखं वाटलं. असं वाटल्याची लाज त्याला नंतर वाटली, पण आधी सुटल्यासारखंच वाटलं.

व्हिडिओ गावी पोचायला कितीसा वेळ! अमीन यांची बायको अमीरुन्निसा फोनवर रडून रडून एकच सांगत होती, ती बुलेट आधी घरातून काढा. निदाने तिची री ओढली. बुलेट म्हणजे अमीन यांची पहाटेची मशीद, बाजार, जेटीवरच्या गप्पा, सगळंच. ते जुनैदच्या अल हैलमधल्या घरात सोफ्यावर प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन बसले होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी मुलाकडे पाहिलं.

“जुनैद, तू सांग. गाडी देऊन टाकू?”

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य जुनैदच्या ओठांपर्यंत आलंही. पण निदा बघत होती, फोनवर आई ऐकत होती.

“द्या अब्बा,” तो म्हणाला. “आता वय झालं.”

अमीन यांनी मान हलवली आणि प्लॅस्टरवरचा धागा काढत बसले. आठवड्याच्या आत भाचा नबील गावच्या घरी येऊन बुलेट खेडला घेऊन गेला.

त्यानंतर जुनैदने गाडीला हात लावला नाही. बीएसएवर त्याने कापड टाकून दिलं. अब्बा मात्र नेहमीसारखे बोलत होते, आणि तेच त्याला सोसवत नव्हतं. परतीच्या दिवशी विमानतळावर निदा ट्रॉली आणायला गेली, तेव्हा त्याने त्यांचा धड असलेला हात धरला.

“अब्बा, तुमचे पाय काही विसरले नाहीत. गिअर मी डावीकडे घेतला होता. चूक माझी होती.”

“म्हाईत हाय मला.”

“कधीपासून?”

“पडलो तवाच. नवा वेल्डिंग डोळ्यासमोरच होता.”

“मग बुलेट का देऊन टाकलीत?”

अमीन यांनी हात हळूच सोडवून घेतला आणि त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली, शाळेत धाडताना करायचे तशी.

“तुला इचारूनच दिली ना, बाळा.”