चार वाजताची वायर

थाप वाटेल, पण २००४ साली अंबरनाथच्या आमच्या कारखान्याचं अख्खं नेटवर्क रोज चार वाजता मी, म्हणजे शिपाई रघु, बंद पाडायचो. एका वायरीची दोन्ही टोकं सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या स्विचच्या डब्यात खोचली, की निरोप आतल्या आत गोल फिरत बसायचे. तेवढीच पंधरा मिनिटं, टायपिंगने बोटं सुजलेल्या टायपिस्ट भावनाला डोळे मिटता यायचे.

मग इंजिनिअर प्रमोदने नवा स्विच बसवला. "काका, चुकून वायरीचा फेरा झाला, की हा स्विच त्यातली एक वाट आपणहून बंद करतो. आता काही अडणार नाही."

चारला मी तरी वायर खोचली. नेटवर्क चालूच, भावनाही चालूच.

वळलो तर मागे प्रमोद. त्याने वायरीकडे पाहिलं, मग भावनाच्या बोटांकडे.



"काका, उद्यापासून नव्या स्विचची ती फेरा तोडायची सोय बंद ठेवतो. तुम्ही चारची वेळ चुकवू नका."