थोडी मोठी दिसंल असं

नवरीनं मान वर केली आणि पेटी उघडता उघडता करिमाचा हात थांबला. पाटावर प्रतिक्षा बसली होती.

बारामतीच्या प्रशिक्षण केंद्रात करिमा ब्युटीपार्लरचा कोर्स शिकवायची. तिच्या वर्गातली ही सगळ्यांत लहान मुलगी, यंदाच दहावी होऊन आलेली. गेला आठवडाभर ती वर्गाला नव्हती. करिमानं रोज तिची गैरहजेरी मांडली आणि विसरून गेली. मग एका मावशीचा फोन आला, कऱ्हाटीला नवरीचा मेकअप करायला या, आमच्या छकुलीचं लग्न हाय. घरी प्रतिक्षाला छकुली म्हणतात हे करिमाला कुठून ठाऊक असणार!

हिरवा चुडा भरलेले हात प्रतिक्षानं मांडीवर तसेच टाकून ठेवले होते. खोलीत मावशी, चुलत्या, शेजारणी दाटीवाटीनं बसल्या होत्या. तिची आई सारजा चहा घेऊन आली आणि कप देता देता करिमाच्या कानाशी वाकली.

"मॅडम, थोडी मोठी दिसंल असं करा. पाव्हण्यांतलं कोन काय बोलाया नगं. तुमी काय, घरच्याच हाय."

करिमाला सगळं कळलं. प्रवेशाच्या वेळी मुलीचं वय तिनंच तपासलं होतं. तिनं तिथंच उठायला हवं होतं. पण ती परगावची, एकटी बाई. बाहेर मांडवात दोन्ही भावक्या जमलेल्या. ती बसूनच राहिली. आणि हात मात्र सवयीनं चालू लागले.

तिनं गालांचा गोलवा गडद रंगानं मोडला. भुवया जाड केल्या. ओठांची कड वाढवली. ब्रश फिरत होता आणि तिला ती संध्याकाळ आठवत होती. वर्ग सुटल्यावर मुली निघून गेल्या होत्या, ही एकटी मागं रेंगाळली होती. करिमा घाईघाईनं ब्रश धूत होती. घरी माझ्या लग्नाचं चाललंय, असं पोरगी हळूच म्हणाली होती. करिमाला वाटलं, लाजतेय. तिनं हसून सांगितलं, "मग काय, तुझा मेकअप मी फुकटात करीन." प्रतिक्षा थोडा वेळ उभी राहिली. खुर्च्यांवरचे टॉवेल तिनं गोळा केले, एकेक नीट घडी घालून ठेवला आणि गेली.

ज्या भिंतीला टेकून ती उभी होती, तिच्यावर फलक होता. मुलींनी आपली कोणतीही अडचण करिमा मॅडमना न घाबरता सांगावी, असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली मुलांच्या मदतीचा सरकारी नंबर होता.

"आता कशी बाईमानूस दिसती," मावशी समाधानानं म्हणाली.

करिमानं पाहिलं. खरंच, बाईच दिसत होती. पाच-सहा वर्षं तिनं अर्ध्या तासात पोरीच्या अंगावर चढवली होती, आणि काम नेहमीसारखं सफाईदार झालं होतं. तिला स्वतःच्या हातांची किळस आली.

पिना गाडीत राहिल्या, असं सांगून ती बाहेर आली. डाळिंबाच्या बागेच्या कडेला जाऊन तिनं फलकावरचा तो नंबर फिरवला. पलीकडच्या बाईनं गावाचं नाव, मुहूर्ताची वेळ विचारून घेतली. तुमचं नाव गुप्त ठेवता येईल, असंही ती म्हणाली. ठेवा, हा शब्द करिमाच्या ओठांवर आला होता. तिनं तो गिळला आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. मी या मुलीची शिक्षिका आहे, हेही सांगितलं.

आत येऊन तिनं कापूस तेलात बुडवला आणि प्रतिक्षाचा चेहरा पुसायला घेतला. सारजानं विचारलं तेव्हा करिमानं फोन केल्याचं सरळ सांगून टाकलं. सारजा ओरडली नाही. दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

"तुमच्या भरवशावर पोरगी धाडली व्हती आमी," एवढंच ती म्हणाली.

प्रतिक्षाचे वडील झुंबर दारात येऊन उभे राहिले. मुलगा कारखान्यात कायम आहे, असं स्थळ पुन्हा यायचं न्हाय, असं ते सांगत राहिले. कुणाला सांगत होते, ते त्यांनाही कळत नसावं. करिमा खाली मान घालून पुसत राहिली. तेलाखालून सोळा वर्षांचा चेहरा हळूहळू वर आला.

मुहूर्ताआधी पोलीस आले, ग्रामसेवक आले. वऱ्हाड भवानीनगरहून निघालं होतं, त्याला वाटेतूनच परत फिरवलं. मांडवातली माणसं करिमाकडे न बघता पांगली. मुलीला बालकल्याण समितीपुढं न्यायचं ठरलं. आईवडील मागच्या गाडीत बसले आणि प्रतिक्षाशेजारी जीपमध्ये करिमा.

जीप गावाबाहेर पडल्यावर करिमानं कसंबसं तोंड उघडलं. तू सांगायला आलीस तेव्हा मी ऐकलं नाही, ती म्हणाली. आज नशिबानं मलाच बोलावणं आलं, नाहीतर काय झालं असतं, या विचारानं अंगावर काटा येतोय.

प्रतिक्षा खिडकीबाहेर बघत होती. ती वळली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"भवानीनगरची पार्लरवाली ठरली व्हती, मॅडम. मी जेवनच सोडलं. म्हटलं, आमच्या मॅडमच पायजेत."